छातीवरचे पदक आणि दप्तरातली नोंद

आमच्या वस्त्यांमध्ये आजही अशी घरे आहेत, जिथे माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक पडलेली असते. त्या ट्रंकेत पणजोबांचे एखादे पदक असते, रंग उडालेली फीत असते, घडीवर फाटलेले डिस्चार्ज बुक असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढेच ठाऊक असते की, आमचा बाप लढाईला गेला होता. कोणत्या लढाईला, कोणत्या पलटणीतून, कोणत्या कामगिरीबद्दल पदक मिळाले, हे सांगणारा माणूस केव्हाच गेलेला असतो. मग एक दिवस घराची दुरुस्ती निघते आणि ती ट्रंक भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते.

पराक्रम झाला की तो आपोआप इतिहासात जातो, असा आमच्यातल्या अनेकांचा भाबडा समज आहे. तसे होत नसते. पराक्रम शिपाई करतो, नोंद कारकून करतो आणि ती नोंद करायची की नाही, हे साहेब ठरवतो. साहेबाच्या मनात जात असेल, वर्ण असेल, तर शिपायाने प्राण दिला तरी दप्तर कोरेच राहते. आणि दप्तर कोरे राहिले की पन्नास वर्षांनी त्याच कोऱ्या दप्तराकडे बोट दाखवून म्हटले जाते, तुमच्या लोकांनी केलेच काय?

हा अनुभव केवळ आमचा नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी तो पुरेपूर भोगला. पण त्यांनी एक काम केले, जे आम्ही अजून पुरेसे केलेले नाही. त्यांनी दप्तर पुन्हा उघडायला लावले. ते कसे, हे चळवळीच्या वाचकांनी समजून घ्यावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

२३ मार्च १९४५ चा दिवस. जर्मनीतल्या स्पायर शहराजवळ अमेरिकन रणगाड्यांच्या तुकडीवर एका मोठ्या गोदामातून गोळीबार सुरू झाला. एडवर्ड कार्टर नावाचा कृष्णवर्णीय जवान स्वतःहून पुढे झाला आणि तीन साथीदारांना घेऊन उघड्या मैदानातून त्या गोदामाकडे निघाला. साथीदार पडले. कार्टर एकटाच पुढे सरकत राहिला. त्याला पाच ठिकाणी जखमा झाल्या. त्याला जिवंत पकडायला आठ जर्मन शिपाई चालून आले, तेव्हा त्याने सहांना ठार केले, दोघांना कैद केले आणि त्या दोघांची ढाल करून तो आपल्या तुकडीत परतला. कैद्यांनी दिलेली माहिती पुढच्या चढाईला उपयोगी पडली.

या कार्टरची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो स्टाफ सार्जंट होता. पण लढाईच्या तोंडावर जाण्यासाठी त्याने आपला हुद्दा सोडला आणि साधा शिपाई झाला. कारण काळ्या सार्जंटने गोऱ्या शिपायांना हुकूम द्यायचा नाही, असा त्या लष्कराचा खाक्या होता. कार्टरचे आईवडील मिशनरी, बाप कृष्णवर्णीय अमेरिकन आणि आई मूळची भारतातली. त्याचे बालपणही काही काळ भारतात गेले. म्हणजे आमच्या मातीचा थोडा अंश त्याच्यात होता.

कार्टरला दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक मिळाले. पहिल्या क्रमांकाचे, म्हणजे मेडल ऑफ ऑनर, मिळाले नाही. आणि बक्षीस काय मिळाले? १९४९ साली मुदत संपल्यावर तो पुन्हा भरतीसाठी गेला, तेव्हा त्याला दारातूनच परत पाठवण्यात आले. तो स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढला होता, एवढ्यावरून तो कम्युनिस्ट असावा, असा संशय गुप्त फायलीत लिहून ठेवलेला होता. त्याच्यावर आरोप ठेवला नाही, चौकशीत बोलावले नाही, कारणही सांगितले नाही. ज्याने अंगावर पाच जखमा घेतल्या, तो देशाच्या विश्वासाला पात्र नाही, असे दप्तर म्हणत होते. टायरच्या कारखान्यात मजुरी करून १९६३ साली, वयाच्या ४६ व्या वर्षी तो वारला.

हा एका माणसाचा अपघात होता काय? आकडा पाहा. दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकन सैन्यात होते. त्या युद्धासाठी चारशेहून अधिक मेडल ऑफ ऑनर दिली गेली. त्यांतील कृष्णवर्णीयांना किती मिळाली? एकही नाही. शून्य! दहा लाखांत एकही शूर निपजला नाही, हे कोणी शहाणा माणूस मान्य करील काय?

अखेर १९९३ साली अमेरिकन लष्कराने याचा अभ्यास करण्याचे काम नॉर्थ कॅरोलिनातील शॉ विद्यापीठाकडे दिले. हे विद्यापीठ कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेले. संशोधकांनी जुनी दप्तरे उपसली, हयात सैनिकांना गाठले, दहा नावे पुढे केली. त्यांतील सात मान्य झाली. पदकासाठीची मुदत केव्हाच संपली होती, म्हणून संसदेला खास कायदा करून ती सैल करावी लागली. १३ जानेवारी १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सात पदके दिली, तेव्हा ती घ्यायला सातांपैकी एकच जण जिवंत होता. व्हर्नन बेकर. १९४५ च्या एप्रिलमध्ये इटलीतला एक डोंगरी किल्ला घेताना त्याने जर्मनांची ठाणी उद्ध्वस्त केली होती. बावन्न वर्षांनी त्याच्या गळ्यात ते पदक पडले. बाकीच्या सहांची पदके मरणोत्तर दिली गेली. त्यांत कार्टरचेही होते.

पण कार्टरच्या घरच्यांचे पदकावर समाधान झाले नाही. त्याच्या सुनेने विचारले, ज्या लष्कराने आज एवढा सन्मान केला, त्याने १९४९ साली आमच्या माणसाला दारातून का हाकलले? तिने माहितीच्या अधिकाराखाली गुप्त फाईल मागवली. त्या फायलीत संशय होता, पुरावा नव्हता. तिने ते सारे जगापुढे मांडले. १९९९ साली लष्कराने कुटुंबाची माफी मागितली, कार्टरचे सेवापुस्तक दुरुस्त केले आणि त्याला त्या वेळी न दिलेली इतर पदकेही दिली. त्यांत एक पदक चांगल्या वर्तणुकीचे होते. राष्ट्राध्यक्षांनीही पत्र लिहून खेद व्यक्त केला. एका घरातल्या सुनेने एका महासत्तेच्या दप्तरातली ओळ बदलायला लावली! आमच्या माताभगिनींनी हे उदाहरण मनावर कोरून ठेवावे.

आता त्याच्याही आधीची गोष्ट. हेन्री जॉन्सन हा अल्बनीच्या रेल्वे स्थानकावर हमाली करणारा तरुण. १९१७ साली तो न्यूयॉर्कच्या हार्लेममधील कृष्णवर्णीयांच्या पलटणीत भरती झाला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, ते हार्लेमला लागूनच आहे. १९१६ साली बाबासाहेबांनी न्यूयॉर्क सोडले, त्याच वर्षी ही पलटण उभी राहत होती. गोरे अमेरिकन सैनिक काळ्यांच्या खांद्याला खांदा लावून लढायला तयार नव्हते, म्हणून फ्रान्समध्ये ही पलटण सरळ फ्रेंच सैन्याच्या हवाली करण्यात आली. १९१८ च्या मे महिन्यात एका रात्री जॉन्सन आणि त्याचा साथीदार नीडहॅम रॉबर्ट्स पहाऱ्यावर असताना किमान बारा जर्मनांनी हल्ला केला. रॉबर्ट्स जबर जखमी झाला. जॉन्सनची बंदूक निकामी झाली. तेव्हा त्याने बंदुकीच्या दस्त्याने आणि मग सुऱ्याने हातघाईची लढाई केली आणि आपल्या साथीदाराला शत्रूच्या हाती जाऊ दिले नाही.

फ्रान्सने त्याला लगेच आपले मानाचे युद्धपदक दिले. स्वतःच्या देशाने? हयातीत एकही शौर्यपदक नाही. १९२९ साली तो वारला. त्याच्या जखमांची दखल म्हणून पर्पल हार्ट मिळाले १९९६ साली. दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक २००२ साली. आणि मेडल ऑफ ऑनर? २ जून २०१५ रोजी, राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते. लढाईनंतर सत्त्याण्णव वर्षांनी!

मधल्या काळात अडचण काय होती? पुरेसा समकालीन पुरावा नाही, हे उत्तर. शेवटी २०११ च्या सुमारास खुद्द सेनापती पर्शिंग यांचा मे १९१८ मधला संदेश सापडला. त्यात जॉन्सनच्या पराक्रमाचा उल्लेख होता. म्हणजे पुरावा लष्कराच्याच घरात होता. शोधण्याची इच्छा नव्हती.

आणि इच्छा का नव्हती, तेही पाहा. जॉन्सनच्या लढाईनंतर सातच वर्षांनी, १९२५ साली अमेरिकेच्या लष्करी महाविद्यालयाने एक अहवाल तयार केला. कृष्णवर्णीय हा बुद्धीने आणि धैर्याने कमी, तो गोऱ्यांच्या बरोबरीने लढू शकत नाही, असा त्याचा सूर होता. वाचकहो, ही भाषा ओळखीची वाटते ना? १८१८ साली कोरेगावला लढलेल्यांच्या नातवंडांना १८९२ च्या सुमारास ‘तुम्ही लढवय्ये नाही’ असे सांगून इंग्रजांनी लष्कराचे दरवाजे बंद केले. अमेरिकेत वर्ण, इथे जात. आधी पराक्रमाची नोंद दडपायची, मग नोंद नाही म्हणून अपात्र ठरवायचे. हे चक्र दोन्हीकडे सारखेच फिरले.

नोंद दुरुस्त करण्याची अमेरिकेतली रीत काय आहे, हेही सांगितले पाहिजे. १९४६ च्या कायद्याने तिथे लष्करी नोंदी दुरुस्त करणारी मंडळे आली. त्यांत निर्णय देणारे नागरी अधिकारी असतात. माजी सैनिक किंवा त्याचा वारस एक ठरावीक अर्ज भरून चूक दाखवू शकतो. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या दृष्टीने मंडळ ती माफ करू शकते. पदकाची शिफारस वेळेत गेलीच नसेल, तर १९९६ पासून संसद सदस्यामार्फत ती विचारासाठी पाठवता येते. ऐकायला सोपे वाटते. पण मेख अशी की, सरकारी दप्तर बरोबरच आहे असे आधी गृहीत धरले जाते. ते चूक आहे हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर. ज्याच्यावर अन्याय झाला, त्यानेच अन्यायाचा कागद आणून दाखवायचा!

आणि कागद तरी कुठे आहे? १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील लष्करी दप्तरखान्याला आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात सेवेतून मुक्त झालेल्या भूदलातल्या सैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी नष्ट झाल्या. त्यांच्या प्रतीही ठेवलेल्या नव्हत्या.

या आगीत वेव्हर्ली वुडसन याचीही फाईल गेली. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर स्वतः जखमी असताना तीस तास सैनिकांवर उपचार करणारा हा कृष्णवर्णीय वैद्यकीय जवान. २००५ साली तो वारला. त्याच्या पत्नीने नव्वदी ओलांडेपर्यंत पाठपुरावा सोडला नाही. फाईल जळाली, तर इतर दप्तरांत शोध झाला. २०२४ साली त्याला दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक मरणोत्तर जाहीर झाले. पॅरिस डेव्हिस या अधिकाऱ्याने १९६५ च्या जूनमध्ये व्हिएतनाममध्ये जखमी साथीदारांना सोडून मागे हटायला नकार दिला. त्याच्या मेडल ऑफ ऑनरची शिफारस झाली, ती हरवली. पुन्हा केली, पुन्हा हरवली. जुन्या साथीदारांनी अनेक वर्षे कागद गोळा करून ती नव्याने उभी केली, तेव्हा ३ मार्च २०२३ रोजी त्याला ते पदक मिळाले. कागद एकदा हरवतो तेव्हा त्याला गफलत म्हणता येते. तोच कागद दोनदा हरवतो तेव्हा त्याला काय म्हणावे, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घातलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे.

कोणी विचारील, माणूस मेल्यावर शंभर वर्षांनी पदक देऊन काय उपयोग? त्याला पोटभर भाकर मिळाली नाही, आता धातूचा तुकडा घेऊन काय करायचे? हा प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो टाळणार नाही. मेलेल्याला न्याय मिळत नाही, हे खरेच. पण नोंद ही मेलेल्यासाठी नसते, ती जिवंतांसाठी असते. ‘तुमची माणसे भ्याड होती’ हे वाक्य ज्या पिढीच्या तोंडावर फेकले जाते, तिच्या हातातले ते उत्तर असते. शिवाय हयात सैनिकाच्या बाबतीत तर नोंद म्हणजे पेन्शन, नोंद म्हणजे औषधोपचार, नोंद म्हणजे मुलांचे शिक्षण. चुकीची नोंद ही नुसती अपमानाची बाब नाही, ती घरातल्या चुलीची बाब आहे.

आणखी एक गोष्ट आम्हाला स्पष्ट सांगितली पाहिजे. नोंद एकदा दुरुस्त झाली म्हणजे काम संपले, असे नव्हे. २०२३ साली लुईझियानातील एका मोठ्या लष्करी तळाला हेन्री जॉन्सनचे नाव दिले गेले. आधी त्या तळाला गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या एका सेनापतीचे, पोल्कचे नाव होते. २०२५ साली सरकार बदलले आणि जॉन्सनचे नाव काढून तळ पुन्हा फोर्ट पोल्क झाला. सांगितले काय गेले? हा पोल्क तो नव्हे, त्याच आडनावाचा दुसरा सेनापती! त्याच वर्षी मार्चमध्ये चार्ल्स रॉजर्स या मेडल ऑफ ऑनर मिळवलेल्या कृष्णवर्णीय सेनापतीची माहिती अमेरिकेच्या संरक्षण खात्याने संकेतस्थळावरून हटवली. ओरड झाली तेव्हा परत ठेवली. पाटी लावणे जितके महत्त्वाचे, तितकाच त्या पाटीवरचा पहाराही महत्त्वाचा.

जॉन्सनच्या शोधातून एक कडवा धडाही मिळाला. तो बेवारस म्हणून कुठेतरी पुरला गेला, असे लोक वर्षानुवर्षे सांगत होते. २००२ साली उघड झाले की, त्याला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने पुरलेले होते. ज्या घराने त्याचे वारस म्हणून अनेक वर्षे लढा दिला, त्यांचे रक्ताचे नाते नव्हते, हेही लष्कराच्या वंशावळीच्या तपासात निघाले. त्यामुळे जॉन्सनचे शौर्य कमी झाले काय? मुळीच नाही. पण यातून आम्ही शिकायचे ते असे की, अन्यायाविरुद्ध लढणाऱ्याने स्वतःच्या बाजूचा कागदही तितकाच कठोरपणे तपासला पाहिजे. ऐकीव गोष्ट सभेत टाळ्या मिळवते, दप्तरात ती टिकत नाही. बाबासाहेबांनी कोणतीही गोष्ट पुराव्यावाचून मांडली नाही. आम्हीही मांडता कामा नये.

आमच्याकडे पुरावा दगडावर कोरलेला होता, म्हणून तो वाचला. कोरेगावच्या स्तंभावर कंपनीच्या मृत सैनिकांची ४९ नावे आहेत, त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. तो स्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयासाठी उभारला, हे खरे. पण त्यांच्या कारकुनाने नावे गाळली नाहीत आणि ती नावेच पुढे आमची साक्ष झाली. लष्करभरती बंद झाल्यावर १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज तयार केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. या अर्जांत काय होते? आमची माणसे लढली आहेत, तुमचे दप्तर उघडून पाहा, हेच तर होते. नोंद दुरुस्त करण्याची ही आमची पहिली चळवळ. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, तेही ती नोंद समाजाला वाचून दाखवायला. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. आणि १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहिले, कारण या दोन समाजांचे दुखणे एकच आहे, हे त्यांना ठाऊक होते.

म्हणून आमचे वाचकांना सांगणे आहे. आज घरी गेल्यावर माळ्यावरची ती ट्रंक खाली काढा. पदकाच्या कडेवर बहुधा नंबर आणि नाव कोरलेले असते, ते भिंग लावून वाचा आणि वहीत उतरवा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, जुनी पत्रे, फोटो यांच्या प्रती काढा आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोरड्या जागी ठेवा. घरात माजी सैनिक हयात असतील तर त्यांना समोर बसवून विचारा. पलटण कोणती, साल कोणते, सोबत कोण होते, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि खाली त्यांची सही घ्या. डिस्चार्ज बुकात जखम, सेवेचा काळ किंवा पदक यांची नोंद राहिली असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून आणि रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडून लेखी उत्तर मागा. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. २००५ चा माहितीचा अधिकार आहे. सेवा आणि पेन्शनच्या तक्रारींसाठी २००७ च्या कायद्याने आलेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. दारे आहेत, ती ठोठावली पाहिजेत.

गावोगावच्या बुद्धविहारांत जयंतीचा हिशेब नीट लिहिलेला असतो. त्याच कपाटात गावातल्या सैनिकांची एक वही असावी. नाव, पलटण, साल, कामगिरी, पदक आणि पुरावा कोणता, एवढे सहा रकाने पुरेत. कार्टरच्या सुनेकडे आमच्यापेक्षा फार काही जास्त नव्हते. तिच्याकडे काही जुने कागद होते आणि ‘का?’ हा प्रश्न विचारण्याची हिंमत होती.

आमच्या पूर्वजांनी आपले काम तलवारीने आणि बंदुकीने केले. आमच्या हातात बाबासाहेबांनी लेखणी दिली आहे. त्यांच्या पराक्रमाची नोंद आम्ही केली नाही, तर ती दुसरे कोणी करणार नाही. आणि केलीच, तर ती त्यांच्या सोयीची करतील.

जय भीम!